फ्लाय फिशिंगवरचा टॅटू: कुठली फ्लाय, कुठला मासा, केवढा काढावा?

ओढाकाठ

नमस्कार मंडळी. फ्लाय फिशिंगवरचा, म्हणजे गळाला पिसं-केस बांधून केलेल्या 'फ्लाय' या खोट्या भक्ष्याने मासे धरण्यावरचा, टॅटू काढायचं नक्की केलं आहे. सुई लागण्याआधी जाणकारांचं मत हवं आहे.

जागा उजव्या हाताची, मनगट ते कोपर, बाहेरची बाजू. तिथे साधारण १८ सेंमी लांब आणि ७ सेंमी रुंद एवढी सपाट जागा मिळते. त्वचा सावळी आहे. याआधी अंगावर एकही टॅटू नाही.

मनातलं चित्र असं: वर रंगीत पॅराशूट ॲडम्स फ्लाय, तिचं एकेक पीस सुटं दिसणारं. गळाच्या डोळ्यातून (धागा ओवायच्या भोकातून) निघालेला टिपेट, म्हणजे शेवटचा बारीक धागा, मनगटाभोवती कड्यासारखा फिरलेला. खाली उसळी मारणारा सोनेरी महसीर, नदीतला मोठ्या खवल्यांचा मासा. नेटवरून आणि एआयकडून आठ-दहा चित्रं जमवली आहेत. दोन स्टुडिओंत दाखवली, दोन्हीकडे "सगळं होईल" असं उत्तर मिळालं. एवढ्या चटकन होकार मिळाल्यामुळेच इथे विचारतोय.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तराखंडातल्या पंचेश्वरला जायचं आहे, सरयू आणि महाकालीच्या संगमावर, रोज कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आहे. त्याआधी टॅटू काढावा की परत आल्यावर? आणखी एक विचार आहे, चित्राशेजारी मासा मोजायला सेंमीची पट्टी गोंदवून घ्यावी का?

सुईशाई

"सगळं होईल" हे पहिल्या दिवसापुरतं खरं असतं. शाई त्वचेत गेल्यावर दरवर्षी थोडी थोडी पसरते. आज अर्धा मिलिमीटर असलेली रेघ आठ-दहा वर्षांत एक मिलिमीटरच्या आसपास जाते. म्हणून चित्र निवडताना रेघांपेक्षा रेघांमधल्या मोकळ्या जागेकडे बघा. दोन समांतर रेघांत कमीत कमी दोन मिमी अंतर हवं. बंद गोल असेल, म्हणजे तुमच्या गळाचा डोळा, तर आतलं भोक तीन मिमीपेक्षा लहान नको, नाहीतर काही वर्षांत तिथे काळा ठिपका उरतो.

हा हिशेब पॅराशूट ॲडम्सला लावून बघा. तिचं हॅकल म्हणजे पांढऱ्या खुंटाभोवती आडवं गुंडाळलेलं पीस. चित्रात त्याचे तीस-चाळीस तंतू येतात. चार सेंमीच्या फ्लायमध्ये एवढे तंतू सुटे काढले की दोन तंतूंत एक मिमीही राहत नाही. पहिल्या महिन्यात फोटो सुरेख येतो, पाचव्या-सहाव्या वर्षी राखाडी ढग दिसतो. उपाय दोन आहेत. फ्लाय सात-आठ सेंमीची काढा, किंवा तंतू बारा-चौदावर आणा, बाहेरची टोकं मोकळी ठेवा आणि बुडाशी ठिपक्यांची शेडिंग करा. दुसरा उपाय जास्त टिकतो.

आता रंग. शाई त्वचेच्या आतल्या थरात बसते आणि आपला वर्ण तिच्या वरच्या थरात असतो, म्हणजे प्रत्येक रंग तपकिरी काचेतून बघितल्यासारखा दिसतो. सावळ्या त्वचेवर पांढरा, फिकट पिवळा, पिस्ता, गुलाबी हे रंग बरे झाल्यावर मळकट दिसतात किंवा दिसतच नाहीत. ॲडम्सचा पांढरा खुंट पांढऱ्या शाईने भरू नका. काळ्या बाह्यरेषेत त्वचा तशीच मोकळी सोडा, तोच तुमचा सगळ्यात उजळ रंग आहे. गडद लाल, केशरी, गर्द निळा, बाटली हिरवा हे चांगले उठतात. "सोनेरी" हवा असेल तर पिवळा एकटा वापरू नका. गेरू आणि केशरी यांच्यामध्ये जाणारी छटा घ्या आणि तिच्याभोवती भरपूर काळं ठेवा. रंगाची खात्री नसेल तर त्याच हातावर कोपराजवळ तीन-चार रंगांचे मुगाएवढे ठिपके टोचून घ्या आणि सहा आठवडे थांबा. लाल रंगाची ॲलर्जी सगळ्यात जास्त आढळते, तीही यात कळते. आजीच्या पिढीचं गोंदण पन्नास-साठ वर्षं वाचता येतं याचं कारणही हेच आहे: एकच काळा रंग, जाड ठिपके, सुटी रेघ. वयानुसार ते हिरवट-निळं झालं, पण आकार मोडला नाही.

सुयांबद्दल स्टुडिओत स्पष्ट विचारा. बाह्यरेषेला सात किंवा नऊचा राउंड लायनर (गोलात बांधलेल्या तेवढ्या सुयांचा जुडगा), आतल्या रेघांना पाचचा, अगदी थोड्या ठिकाणी तीनचा. संपूर्ण चित्र एका सुईने "फाइन लाइन" करू म्हणाले तर नदीकाठी उन्हात वावरणाऱ्या हातासाठी ते चुकीचं आहे, अशी रेघ जागोजागी तुटते. सुई एक ते दोन मिमी खोल जायला हवी. त्याहून खोल गेली की रेघेच्या दोन्ही बाजूंना निळसर सावली पसरते आणि ती पुढे दुरुस्त होत नाही. मनगटाच्या हाडावर आणि नसांवर त्वचा पातळ असल्याने हा दोष तिथे जास्त दिसतो. म्हणूनच मनगटाभोवतीचा टिपेट काढू नका असं माझं ठाम मत आहे. सांध्यावर रेघ सारखी दुमडते, घड्याळाच्या पट्ट्याने घासते, आणि कड्याची दोन टोकं हात फिरवला की जुळत नाहीत.

हॅकलपीस

टॅटूच्या तांत्रिक बाजूबद्दल वर छान लिहिलं आहे. मी फक्त फ्लायबद्दल लिहिते, कारण इथली चूक फ्लाय बांधणाऱ्या कुणालाही लांबून दिसते.

ॲडम्स ही ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाची फ्लाय. १९२२ साली मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी बांधली, पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक किड्यांसारखी दिसावी म्हणून. तिची नेहमीची मापं १२ ते १८ नंबरच्या गळाची, आकडा मोठा तसा गळ लहान. महसीर वरचं खाणं घेतो, पण पंचेश्वरसारख्या मोठ्या वाहत्या पाण्यात तुमच्या दोरीला बहुतेक वेळा बुडणारी, लहान माशासारखी दिसणारी फ्लाय असेल. महसीरशेजारी ॲडम्स म्हणजे वाघाच्या चित्रात उंदराचा पिंजरा. महसीर ठेवायचा असेल तर क्लाउझर मिनो काढा. बॉब क्लाउझर यांनी १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीसाठी ती बांधली आणि प्रसिद्ध फ्लाय मासेमार लेफ्टी क्रे यांनी तिला नाव दिलं. टॅटूसाठी ती फार सोयीची आहे: हॅकल नाही, केसांचे दोन लांब झुपके, मध्ये थोडी चमकी, पुढे डंबेलसारखे दोन डोळे. सगळे आकार लांबट आणि ठळक.

पण ती उलटी पोहते, आणि चित्रांमध्ये नव्वद टक्के चूक इथेच होते. डंबेलचं वजन गळाच्या सरळ दांडीच्या ज्या बाजूला बांधतात ती बाजू पाण्यात खाली जाते आणि गळाचं टोक वर येतं. तेव्हा चित्रात टोक वर हवं, डंबेल दांडीच्या खाली हवं. पोटाकडचा पांढरा झुपका खाली, रंगीत झुपका वर, आणि वरच्या झुपक्यातून गळाचं टोक डोकावताना दिसावं. डंबेल अगदी गळाच्या डोळ्याला चिकटवू नका, दांडीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर ठेवा, पुढे धाग्याचं डोकं दिसायला हवं. झुपक्याची लांबी दांडीच्या दोन ते अडीच पट. सगळ्यात प्रचलित क्लाउझरचा वरचा झुपका पोपटी असतो. सावळ्या त्वचेवर पोपटी बसणार नाही, बाटली हिरवा किंवा नुसता काळा घ्या. काळा-पांढरा क्लाउझर खरोखर बांधतात, त्यामुळे तिथे काही खोटं होत नाही.

गळाच्या टोकाजवळचा, मासा सुटू न देणारा उलटा काटा दाखवू नका. पकडून सोडायच्या मासेमारीत तो दाबून टाकतात किंवा बिनकाट्याचा गळच घेतात, आणि टॅटूतही तो दीड मिमीचा त्रिकोण सगळ्यात आधी भरून जातो. गाठही सुटी सुटी काढायला जाऊ नका, पाच वेढे चार मिमीत बसणार नाहीत. डोळ्याबाहेर एक उघडा फास दाखवा आणि त्यातून टिपेटची एक रेघ कोपराकडे जाऊन हळूहळू ठिपक्यांत विरू द्या. आणखी एक: फ्लायला थेट जाड रंगीत दोरी जोडलेली दाखवू नका. जाड लाइन, मग निमुळता होत जाणारा धागा म्हणजे लीडर, मग टिपेट असा क्रम असतो. एआयच्या चित्रांत लाइन थेट फ्लायला बांधलेली, रीळ मुठीच्या पुढे आणि गळ तिहेरी असं हमखास असतं. ती चित्रं आकार सुचण्यापुरती ठेवा, स्टेन्सिलसाठी, म्हणजे त्वचेवर उमटवायच्या आराखड्यासाठी, देऊ नका.

महसीरऐवजी फक्त फ्लाय काढायचं ठरलं तर सॅमन माशासाठीच्या फ्लायचा जरूर विचार करा. जॉक स्कॉटसारख्या जुन्या स्कॉटिश फ्लायच्या दोन्ही बाजूंना जे काळं-पिवळसर, मेणाचा थेंब सांडल्यासारखं ठिपक्यांचं पीस असतं ते आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं आहे. हा पक्षी भारतातलाच, सह्याद्रीच्या रानात आजही आरवतो. त्याची पिसं परदेशी फ्लायसाठी एवढी जात की भारताने १९६०च्या दशकात त्यांच्या निर्यातीवर बंदी आणली. ते एकटं पीस सहा-सात सेंमी लांब काढलं तरी फ्लाय बांधणारा माणूस क्षणात ओळखेल. काळी पार्श्वभूमी, त्यात मोकळ्या त्वचेचे ठिपके. सावळ्या हातासाठी याहून चांगली रचना मला सुचत नाही.

मुळामुठा

माशाबद्दल. "महसीर" म्हणजे नेमका कोणता हे आधी ठरवा, कारण परांच्या (पोहायच्या पंखांच्या) रंगावरूनच ओळख पटते. पंचेश्वरचा तो टॉर पुटिटोरा, हिमालयातला सोनेरी महसीर, पर पिवळसर-तांबूस. कावेरीचा कुबडा महसीर टॉर रेमादेवी, त्याचे पर केशरी आणि डोक्यामागे उंचवटा. त्याला शास्त्रीय नाव नीट जोडलं गेलं ते थेट २०१८ मध्ये, आणि तो आज अतिसंकटग्रस्त आहे. आपला दख्खनचा टॉर खुद्री, त्याचे पर निळसर-राखाडी. या शेवटच्या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन इंग्रज अधिकारी साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून केलं. तुम्ही महाराष्ट्रातले असाल तर याचा विचार करा. रंगाच्या दृष्टीनेही निळसर-राखाडी पर सावळ्या त्वचेवर सोनेरीपेक्षा कितीतरी चांगले उठतील.

महसीरची खूण म्हणजे मोठे खवले. अंगाच्या मधून जाणाऱ्या पार्श्वरेषेवर ते सुमारे २५ असतात. हा आकडा टॅटूच्या मापाशी थेट जोडलेला आहे. मासा १८ सेंमी काढला तर शेपटीचा पर वगळून साधारण १५ सेंमी उरतात, त्यातलं डोकं चारेक सेंमी. म्हणजे ११ सेंमीत २५ खवले, एकेक सव्वाचार-साडेचार मिमीचा. वर सुईशाई यांनी सांगितलेल्या अंतरात हे आरामात बसतं. तोच मासा १० सेंमीचा केला तर खवला अडीच मिमीचा होतो आणि काही वर्षांत जाळी भरून जाते. तेव्हा १५ सेंमीच्या खाली जाऊ नका. आणि जागा नाही म्हणून खवले चाळीस-पन्नास बारीक काढले तर तो महसीर राहत नाही, रोहू होतो.

बाकी तपासायच्या गोष्टी: मिशांच्या दोन जोड्या, एक वरच्या ओठावर पुढे आणि एक तोंडाच्या कोपऱ्यात. एका बाजूने दिसणाऱ्या चित्रात त्या दोन दिसतील. ओठ जाड, मांसल. पाठीवर एकच पर, त्याच्या पुढच्या कडेला जाड हाडासारखा काटा. पोटावरची परांची जोडी साधारण त्याच्या खालीच. शेपूट खोल दुभंगलेली, दोन्ही टोकं अणकुचीदार. जबड्यात दात नाहीत, ते घशात असतात, त्यामुळे उघड्या तोंडात दात काढू देऊ नका. पाठीच्या पराच्या मागे, शेपटीजवळ जो छोटा मांसल पर असतो तो ट्राउटचा आहे, महसीरला नसतो. तुमच्या जमवलेल्या चित्रांत तो दिसला तर ते चित्र ट्राउटवर खवले चिकटवून केलेलं आहे असं समजा.

ओढाकाठ

फार आभार. ॲडम्स रद्द, मनगटाचं कडं रद्द. दख्खनचा महसीर १६ सेंमी आणि डोक्यापुढे साडेतीन-चार सेंमीचा क्लाउझर, टोक वर, बिनकाट्याचा, असं धरून चालतो. रंग फक्त परांना. एवढं १८ सेंमीत बसेल का? आणि मोजपट्टी व तारीख हे दोन प्रश्न राहिलेच आहेत.

गाठवेढा

मोजपट्टी नको. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंत मोठ्या माणसाच्या हातावर २४-२६ सेंमी मिळतात, बरा महसीर त्याहून लांबच असतो. शिवाय तळहात वर आणि खाली फिरवताना त्या भागाची कातडी पिळली जाते, कोपर वाकवला की आखडते. आज बरोबर बसवलेली २० सेंमीची खूण हाताच्या स्थितीनुसार काही मिलिमीटर इकडे-तिकडे होतेच, आणि स्टेन्सिल बसवताना झालेली चूक त्यात मिळते.

मोठी हरकत वेगळीच आहे. हातावर मोजायचं तर मासा पाण्याबाहेर काढून कोरड्या हाताला लावावा लागतो, त्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तोच थर त्याला बुरशीपासून वाचवतो. रॉडच्या मुठीपासून ३०, ५० आणि ७० सेंमीवर धाग्याचे चार-पाच वेढे गुंडाळून त्यावर वॉर्निश लावा. मासा जाळीत, पाण्यातच ठेवून रॉड शेजारी धरली की काम होतं.

हौस म्हणून हवीच असेल तर फक्त सेंमीच्या खुणा ठेवा, मिमीच्या नको.

खपली

तारखेबद्दल. वरची त्वचा भरून यायला दोन ते तीन आठवडे, आतली घडी बसायला दोन-तीन महिने लागतात. खपल्या पूर्ण निघून कातडी चकचकीत न दिसता नेहमीसारखी दिसेपर्यंत नदी, तलाव, पूल, समुद्र, काही नाही. निदान तीन आठवडे, चार धरले तर उत्तम. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाण्यात उतरायचं असेल तर टॅटू ऑगस्टअखेर व्हायला हवा. सप्टेंबरचा पहिला आठवडा गेला तर सरळ परत आल्यावर काढा. "वॉटरप्रूफ" फिल्म लावून नदीत उतरणं हा उपाय नाही. ती आंघोळीच्या शिंतोड्यांसाठी असते, तासन् तास पाण्यात राहिल्यावर कडेने पाणी आत शिरतं आणि तिथेच कोंडून राहतं.

भीती नुसत्या रंग जाण्याची नाही. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेला एक रुग्ण टॅटू काढल्यानंतर पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहला आणि व्हिब्रिओ जंतूच्या संसर्गाने दगावला. त्याला यकृताचा जुना आजार होता आणि ते समुद्राचं कोमट पाणी होतं, नदीत तो जंतू सहसा नसतो. पण गोड्या पाण्यात एरोमोनास नावाचा जंतू असतो. मासे हाताळणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो, मायकोबॅक्टेरियम मरिनम या जंतूचा. त्याच्या गाठी दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा उठतात, दुखत नाहीत, हळूहळू हातावर वर सरकतात. त्या दिसल्या तर डॉक्टरांना "टॅटू काढलाय" एवढंच सांगू नका, "मासे हाताळतो" हेही सांगा. नाहीतर नेमकी तपासणी होत नाही आणि महिनोन् महिने भलतीच औषधं चालतात.

रोजची निगा साधी आहे. स्टुडिओने लावलेली फिल्म पहिल्यांदा चोवीस तासांनी काढतात, कारण आत जखमेतला स्राव आणि शाई साचते. नवी लावली तर चार-पाच दिवस. कडेने गळली किंवा आत पुरळ आलं तर लगेच काढा. मग दिवसातून दोन-तीनदा बिनवासाच्या साबणाने हलक्या हाताने धुवा, टिपून कोरडं करा, मॉइश्चरायझरचा पातळ थर लावा. कातडी चमकेल एवढाच, तुपासारखा थापू नका. जाड थराखाली खपली भिजून रंगासकट निघते. हळद, खोबरेल, अँटिसेप्टिक यातलं काही नको. खाज चौथ्या-पाचव्या दिवसापासून सुरू होते, खाजवायचं नाही, वरून थोपटायचं. पावसाळ्यात रेनकोटची ओली बाही सगळ्यात वाईट, शक्यतो सैल सुती बाही. लाली तिसऱ्या दिवसानंतर वाढत गेली, पू झाला, ताप आला किंवा लाल रेघ दंडाकडे चढली तर त्याच दिवशी डॉक्टर.

बरं झाल्यावर उन्हाकडे लक्ष द्या. दिवसभर पाण्यात उभं असताना ऊन वरून आणि पाण्यावरून दोन्हीकडून लागतं. ५० एसपीएफचं सनस्क्रीन दर दोन तासांनी, किंवा पूर्ण बाहीचा शर्ट. सनस्क्रीनचा हात फ्लायला किंवा माशाला लागू नये म्हणून शर्टच बरा.

आणि रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर १२ महिने थांबावं लागतं. आपल्याकडच्या रक्तपेढ्यांचा तो नियम आहे. ठरलेली तारीख असेल तर आधी रक्त देऊन या. हिपॅटायटिस बी ची लस झाली नसेल तर तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे यंदा ती टॅटूआधी पूर्ण होणार नाही. मग सुयांचं सीलबंद कार्ट्रिज तुमच्यासमोर फोडणं आणि शाई नव्या कपात ओतणं याबाबत अजिबात भीड ठेवू नका.

सुईशाई

१६ अधिक ४ म्हणजे २०, सरळ रेषेत बसणार नाही. मासा तिरका ठेवा, डोकं कोपराकडे, अंगाला हलका बाक. अशाने १६ सेंमीचा मासा साडेचौदा सेंमीत मावतो आणि खवले लहान करावे लागत नाहीत. क्लाउझर साडेतीनचा नको, पाच सेंमीचा करा आणि तोंडासमोर न ठेवता थोडा वर, बाकाच्या पोकळीत बसवा. शेपटीचं टोक मनगटाच्या हाडापासून दोन बोटं अलीकडे संपलं पाहिजे.

सुई लागण्याआधी स्टेन्सिलची छपाई कागदावर खऱ्या मापात मागा आणि भिंतीला लावून दोन मीटरवरून बघा. मासा आणि फ्लाय वेगळे ओळखू आले नाहीत तर काळं कमी पडतंय. मग स्टेन्सिल बसवताना उभे राहा, हात सैल सोडा, तळहात मांडीकडे. टेबलावर हात पालथा ठेवून स्टेन्सिल लावलं तर हात खाली सोडल्यावर मासा पिळवटलेला दिसतो, बाहेरच्या बाजूला हे फार होतं. जागा पटली नाही तर पुसून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लावायला सांगा, त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. शेवटी खवले मोजा. कागदावर २५ असतील तर ठीक, आरेखन करताना ते पस्तीस करण्याची सवय सगळ्यांना असते.

एवढ्या कामाला एका बैठकीत चार-पाच तास धरा. मिशा आणि क्लाउझरच्या केसांची टोकं पहिल्या फेरीत थोडी तुटक बसतील. सहा ते आठ आठवड्यांनी टच-अप होतो, आणि तो पंचेश्वरहून आल्यावरच ठेवा, म्हणजे हात पुन्हा पाण्यापासून जपावा लागणार नाही.